बोट उचलल्यावर

हॉस्पिटलातले कीबोर्ड, खाटांशेजारची नर्सला बोलवायची बटणं आणि नर्सच्या टेबलावरचे टर्मिनल, प्रत्येकाची भाषा निराळी होती. ती एक करणारा प्रोटोकॉल मी दोन वर्षं खपून लिहिला. अडकलेली बटणं उगाच कोकलत राहायची, म्हणून एक नियम घातला: बटण दाबून सोडलं, तरच निरोप पुढे जाईल.

बैठकीत म्हातारा वायरमन म्हणाला, "साहेब, दाबल्यावर बोट उचलायचं त्राणच उरलं नाही तर?"

"ज्याला दाबता येतं त्याला सोडताही येतं. तुम्ही वायरी बघा," मी त्याला झापलं. सगळे हसले. मला बरं वाटलं.

वर्षभराने माझा थोरला भाऊ त्याच हॉस्पिटलात दाखल होता. दुपारी त्याचा डोळा लागला, तसा मी खाली चहाला गेलो आणि फोनवर कुणाशी तरी वाद घालत बसलो. परत आलो तेव्हा नर्स खाटेशी वाकली होती.

"दादा गेले हो," ती म्हणाली.

त्याचं बोट अजून बटणावर होतं. नंतर नोंदीत पाहिलं, तेवीस मिनिटं ते तिथेच होतं. नर्सने ते अलगद उचललं, आणि बाहेरच्या टर्मिनलवर घंटा वाजली: खाट सात, मदत हवी.