बक्षीसपत्र आणि काकांची खुर्ची

काका गेले तेव्हा पुतणसुनेच्या पदरात पडणार होतं ते असं: कोपऱ्यावरचं तसबिरींच्या चौकटींचं दुकान, किंमत चाळीस लाख, आतलं लाकूड नि काच, दीड लाख, आणि कर, शून्य. या शून्यासाठी ती आठ वर्षं खपली होती, म्हणून बाकीच्या आकड्यांपेक्षा तिचा त्याच्यावर जास्त जीव.

काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या माघारी दुकान पुतण्याला मिळालं असतं तर त्या मुलखातल्या कायद्याने वारसा कर दहा लाखांचा. वकीलबाईंनी वाट दाखवली होती. "काकांना हयातीतच दुकान बक्षीस देऊन टाकायला सांगा. पुढे सात वर्षं जगले की कर नाही. मात्र दिलं म्हणजे दिलं. त्यांनी तिथे बसायचं असेल, तर तुम्हाला रीतसर भाडं देऊन."

"काकांकडून भाडं?" पुतण्या घरी येऊन म्हणाला. "जीभ झडेल माझी."

काकांनी बक्षीसपत्र करून दुकान पुतण्याच्या नावे केलं. जीभ शाबूत राहिली, भाडं राहून गेलं.

सुनेने मग सात वर्षांवर लक्ष दिलं. जिन्याला दुसरा कठडा, शिडी कुलुपात, काका शिंकले की डॉक्टर दारात.

"सूनबाई, एवढी काळजी माझ्या बायकोने घेतली नाही."

"त्यांना तारीख ठाऊक नव्हती, काका."

काका पोट धरून हसायचे. दोघांना एकमेकांचा हिशेब कळलेला होता, त्यामुळे छान जमायचं. काका आठ वर्षं जगले. एक वर्ष वरून घातलं, चांगला दुकानदार घालतो तसं.

काकांच्या माघारी चौकशीचं बोलावणं आलं, तेव्हा कर कचेरीच्या जिन्यात तिने नवऱ्याला बजावलं, "बोलेन मी. तुम्ही नुसती मान हलवा."

"कुठल्या बाजूला?"

"माझी हलेल त्या."

साहेब किरकोळ अंगाचे, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घातलेले. पेन्सिलीला टोक काढत त्यांनी विचारलं, "बक्षीसपत्रानंतर काका दुकानात यायचे?"

"कधीमधी," ती म्हणाली. "पाय मोकळे करायला."

तिची मान हलली. नवऱ्याची हलेना.

"अगं, कधीमधी काय म्हणतेस? साहेब, आठ वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही! अंगात ताप असला तरी नवाच्या ठोक्याला खुर्चीत. गेले त्या सकाळीसुद्धा चार कोपरे कापून ठेवले होते, सांध्यातून केस जाईल तर शपथ. असा कारागीर पुन्हा व्हायचा नाही."

तिने टेबलाखाली त्याचा पाय दाबला. त्याला वाटलं, बायको धीर देतेय. त्याचे डोळे भरून आले.

"आणि भाडं?"

"काकांकडून? साहेब, तुम्ही घेतलं असतंत?"

"घेतलं. सासऱ्यांकडून. दरमहा, पावती देऊन." साहेबांनी टोकावर फुंकर मारली. "शेवटची तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. कर मात्र शून्य लागला."

मग त्यांनी लिहिलं: देणारा दिलेल्या जागेत फुकट बसत राहिला, सबब बक्षीस दिलंच नाही असं धरावं. कर दहा लाख. मुदत तीन महिने.

पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "चुकलंच माझं. पण ते कधीमधी यायचे असं कागदावर राहिलं असतं गं. कोणी वाचलं असतं."

"कोण वाचणार होतं?"

"मी."

ती दोन पायऱ्या जपून उतरली.

"दुकान विकायचं का?" त्याने विचारलं.

"आणि तुम्ही कुठे बसणार? माझ्या डोक्यावर?"

तिच्या आईने तिच्या नावावर ठेवलेल्या दोन खोल्या होत्या, भाड्याने दिलेल्या, पावत्या चोख. तिसऱ्या महिन्यात त्या गेल्या, सव्वादहा लाखांना.

तेव्हा जमाखर्च असा. काकांनी दिलं दुकान; कर भरला नाही. वकीलबाईंनी बरोबर सल्ला दिला आणि दोनदा फी घेतली, एकदा सल्ल्याची, एकदा खोल्या विकण्याच्या कागदांची. पुतण्याने केलं कौतुक. ते त्याला फुकट पडलं. दहा लाख कर आणि वकीलबाईंची दुसरी फी भरली सुनेने, आणि पावतीवर नाव आलं नवऱ्याचं.