नोटशीटवरचं शून्य

हिंमतरावांनी बावीस वर्षं एकच काम इमानेइतबारे केलं होतं. लोकांना जागा नाही म्हणून सांगायचं. मेहकरहून डोणगावकडे जाताना लागणाऱ्या त्या कॉलेजात सर्व्हर एकच, आणि त्याच्यावर दोनशे माणसांची बिऱ्हाडं. माणशी वीस जीबी. त्याच्या वर गेलं की यंत्र सात दिवसांची सवलत देई. तेवढ्यात पसारा आवरला नाही, तर आठव्या दिवशी एक अक्षरही लिहू देत नसे.

कोणी किती जागा खाल्ली त्याची यादी हिंमतराव दर सोमवारी फळ्यावर लावत. ती सहसा कोणी वाचत नसे. फायली मात्र वाढतच होत्या. फायनल, फायनल दोन, एकदम फायनल, देवाशप्पथ फायनल. हिंमतराव या सगळ्याला विटले होते. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ते वर्ष काही केल्या सरत नव्हतं.

यादीत पहिलं नाव कायम संस्थेचे सचिव राजकुमारबापू यांचं. पोराच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी इथं आणून टाकलं होतं, हळदीपासून वरातीपर्यंत, दोनशे जीबी. त्यांच्या नावापुढे मर्यादेच्या रकान्यात शून्य होतं. यंत्राची रीतच तशी. शून्य लिहिलं की त्या माणसाला मर्यादाच उरत नाही. चारचौघांत हे बरं दिसत नाही, म्हणून हिंमतराव यादी लावण्याआधी वरची ओळ मागे दुमडत. दर सोमवारी, न चुकता. या सोमवारी मात्र डोकं ठणकत होतं आणि दुमडायचं राहून गेलं.

नेमकी ती ओळ वाचली अनुपमा मॅडमनी. मॅडम जानेफळच्या, कंत्राटी प्राध्यापिका. पाच वर्षं उन्हातान्हात हिंडून त्यांनी गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजलं होतं. त्या आकड्यांचं गणित सर्व्हरवर सहा दिवसांपासून चालू होतं आणि गुरुवारी दुपारी संपणार होतं. शुक्रवारी प्रबंध द्यायची शेवटची तारीख. पण त्यांचे वीस जीबी गेल्या बुधवारीच भरले होते आणि सवलत बुधवारी सकाळी संपत होती. त्यानंतर गणित जागच्या जागी बंद पडलं असतं, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणजे आठ दिवस.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि प्राचार्यांना सरळ विचारलं, "सर, आमाले दोन जीबीसाठी चिठ्ठ्या येतात. मंग लग्नाचं शूटिंग काऊन ठेवलं इथं?"

सगळे खाली बघायला लागले. हिंमतरावही.

मीटिंग संपल्यावर मॅडम हिंमतरावांच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात आल्या. "काका, दोनच दिवस वाढवून द्या ना."

"वाढवता तं मले आत्ता येते, मॅडम. पण सहीशिवाय मी कधी काही केलं नाही."

"मी दोनदा अर्ज केला. दोन्हीवर 'नाही' लिहून आलं."

"माईत आहे मले," हिंमतराव म्हणाले. मॅडम पाठ फिरवून निघाल्या. त्यांच्याकडे बघवेना, इतकी हिंमतरावांना स्वतःची लाज वाटली. मीटिंगमध्ये बाई सगळ्यांच्या डोळ्यांवर आली ती त्यांच्याच विसरण्यापायी.

अर्ध्या तासात प्राचार्य भागवत सरांनी त्यांना बोलावून घेतलं.

"हिंमतराव, वरची ओळ काऊन दुमडली नाही?"

"ध्यानात राह्यलं नाही, सर."

"बापू मले फोनवर फोन करून राह्यले. त्या बाईची जागा शून्य करा. आजच्या आज."

"सर, शून्य केलं तं त्या यंत्रात..."

"यंत्र मले नका शिकवू. शून्य म्हणजे शून्य."

हिंमतराव नेहमीसारखंच म्हणाले, "मंग लिहून द्या."

सरांनी नोटशीट ओढली आणि तावातावाने लिहिलं: श्रीमती अनुपमा यांच्या खात्याची मर्यादा तात्काळ शून्य करावी. खाली सही, तारीख, शिक्का.

लॅबमध्ये येऊन हिंमतरावांनी तो कागद दोनदा वाचला. बावीस वर्षांत त्यांनी आदेश पाळले होते, त्यातून जाणूनबुजून आडवा अर्थ कधी काढला नव्हता. त्यांनी मॅडमचं खातं उघडलं, वीसच्या जागी शून्य लिहिलं आणि जतन केलं.

पण मर्यादा उठली म्हणून डिस्क थोडीच वाढते? अख्ख्या सर्व्हरवर नऊ जीबी मोकळे होते आणि मॅडमच्या गणिताला अजून बारा लागणार होते. बापूंच्या वरातीला हात लावायची छाती नव्हती. दुसऱ्या कोणाचं पुसायचं तर कोणत्या तोंडानं? राहता राहिलं त्यांचं स्वतःचं खातं. त्यात बावीस वर्षांच्या नोटशीटा होत्या, स्कॅन करून तारखेवार लावलेल्या, चार जीबी. मूळ कागद कधीच वाळवीनं खाल्ले होते. कोणी काय नाकारलं, कोणी काय करायला लावलं, सगळं त्यात सहीनिशी होतं. उद्या कोणी अंगावर आलं तर हिंमतरावांजवळ तेवढीच ढाल होती.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग त्या सगळ्या नोटशीटा पुसायची आज्ञा टंकली आणि बटण दाबलं. यंत्रानं "नक्की का?" म्हणून विचारलंसुद्धा नाही.

बुधवारी सरांनी व्हरांड्यातच गाठलं. "केलं का शून्य?"

"केलं सर. तुम्ही लिहून देलं तसंच."

गुरुवारी दुपारी मॅडम धावत आल्या. डोळे भरले होते. "काका, पुरं झालं! पण थांबलं कसं नाही?"

"साहेबाचा आदेश होता," हिंमतराव म्हणाले.

सोमवारी त्यांनी यादी काढली. मर्यादेच्या रकान्यात आता दोन शून्यं होती, एक बापूंच्या नावापुढे आणि एक मॅडमच्या. हिंमतरावांनी फळ्यासमोर उभं राहून कागद नीट सरळ केला, वरची ओळ न दुमडता चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि डबा खायला गेले.