बोटभर सरकलेला ॲक्सल

मी एका गाडीचा ट्रॅक बार बोलतोय. माझं नाव तुमच्या कानावरून गेलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. गाडी धुणाऱ्याचं फडकंही माझ्यापर्यंत कधी पोचलं नाही. मी पोटाखाली असतो, चिखलात. दोन हात लांबीचा लोखंडी दांडा. एक टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसिसला, दुसरं पुढची दोन चाकं जोडणाऱ्या ॲक्सलला. स्प्रिंगांनी गाडीला वरखाली झुलवायचं आणि ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये हे मी बघायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. जन्मभर करून बघा.

कारखान्यात मला घडवलं, दोन्ही टोकांच्या भोकांत बोल्टभोवती धक्के झेलणारे रबरी बुश बसवले आणि मला जवळजवळ आडवं जोडलं. आडवा होतो तोवर मला कसला त्रास नव्हता.

गाडी घेतली एका ड्रायव्हरने. डोंगरातल्या वस्त्यांवर माणसं, सामान पोचवणं हा त्याचा धंदा. हात असे, की वळणावर मागे बसलेल्या माणसाची झोप मोडायची नाही. पुढे त्याला मोतीबिंदू झाला. गाडी मुलीकडे आली. ती नर्स. लसींची पेटी घेऊन त्याच वस्त्या फिरायची.

ओढ्यातले दगड गाडीच्या पोटाला लागायचे. लेकीला त्रास नको म्हणून बापाने हौसेने उंच स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी चार बोटं वर उठली. दुकानदार म्हणाला, "आता कुठे घासायची नाही." खरंच घासली नाही. पण मला कुणी विचारलं नाही.

भिंतीला टेकवलेली शिडी जितकी उभी कराल, तितके तिचे पाय भिंतीकडे सरकतात. माझं तसंच झालं. चॅसिसचं टोक वर गेलं, मी तिरपा झालो, माझी लांबी मात्र तेवढीच राहिली. मग मी ॲक्सलला बोटभर एका बाजूला ओढलं. एका बाजूचं चाक बाहेर डोकावायला लागलं, दुसरं आत दडलं. प्रत्येक खड्ड्यात मी ॲक्सलला आणखी हिसका द्यायचो. द्यायचा नव्हता, पण तिरप्या दांड्याच्या हातात दुसरं काय असतं? बुशचं रबर आधी चिरलं, मग तुकड्या-तुकड्याने गळून पडलं.

"बाबा, गाडी एका बाजूला ओढते," ती म्हणाली.

"मी तीस वर्षं चालवली. माझ्या हातात कधी ओढली नाही."

महिन्याभराने ती पुन्हा म्हणाली, "स्टेअरिंग थरथरतं हो."

"घट्ट धरत नसशील."

त्यानंतर ती स्टेअरिंग घट्ट धरायला लागली. संध्याकाळी घरी आली, की उतरण्याआधी बोटं चोळत बसायची. ती दमलेली, मी दमलेला. आमचं बोलणं तेवढंच.

मग बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. ते पहिल्यांदाच लेकीच्या शेजारच्या सीटवर बसले. अर्धा रस्ता "गिअर बदल", "हळू घे" चाललं होतं. उतारावर रस्ता धुपून पन्हाळी पत्र्यासारखा झालेला. तिथे मला धीर धरवला नाही. मोकळ्या बुशात बोल्ट आदळायला लागला, ॲक्सल डावीउजवीकडे नाचायला लागला आणि स्टेअरिंग तिच्या हातात पिसाळल्यासारखं झालं. एका बाजूला दरी. तिने ब्रेकवर पाय दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, दोन्ही कोपर पोटाशी घेतले आणि गाडीला हळूहळू डोंगराच्या कडेला आणून थांबवलं.

तिने हँडब्रेक ओढला. मग बाबा चाचपडत उतरले आणि धुवट सदऱ्यासकट गाडीखाली शिरले.

"बाबा, तुम्हाला दिसणार नाही."

"दिसायला कशाला पाहिजे? तू स्टेअरिंग हलव. थोडंसं. इकडे, तिकडे."

त्यांनी माझ्या टोकावर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्यावर पडलेला हा पहिला हात. बोल्ट आधी हलत होता, मी मागून. त्यांची बोटं तिथेच थांबली.

"हे कधीपासून?"

"स्प्रिंगा बदलल्यापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं, बाबा. दोनदा."

ते गाडीखालून लवकर बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "मी असतो तर ब्रेक दाबला असता. गेलो असतो दरीत."

गाडी रांगत-रांगत मेकॅनिककडे गेली. त्याने ओळंबा सोडून चाकं किती आत-बाहेर आहेत ते मोजलं आणि बाबांना सांगितलं, "काका, गाडी उंच केली की हा दांडाही लांब लागतो." माझ्या जागी लांबी कमीजास्त करता येणारा नवा बार बसला, ॲक्सल मधोमध आला. मी उतरलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता मी वर्कशॉपच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे. मेकॅनिक माझ्या फाटक्या बुशात बोट घालून गिऱ्हाइकांना दाखवतो. माझं मागणं फार नाही. गाडी खुशाल उंच करा, पण खाली कोण ताणलं जातंय ते एकदा वाकून बघा. आणि चालवणारा गाडी ओढते म्हणाला, तर त्याचं ऐका.

परवा तीच गाडी ऑइल बदलायला आली. लेक चालवत होती. बाबांचे डोळे आता चांगले झालेत, स्वतः चालवू शकतात. ते शेजारच्या सीटवर मान टाकून गाढ झोपले होते. मेकॅनिक हाक मारायला निघाला, तर ती म्हणाली, "झोपू द्या त्यांना. उतारापासूनच झोपलेत."