दुसरा टेक

फिल्म अकरा मिनिटांची होती आणि संध्याकाळी पाच वाजता वृक्ष समितीपुढे दाखवायची होती. पाणथळीकाठचं ते झाड तीनशे वर्षांचं असल्याचे कागद समितीने केव्हाच बाजूला सारले होते. "वय नका सांगू, यंदा त्यावर बगळे पिल्लं काढताहेत हे दाखवा," अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं. दिसलं, तर झाड आणि त्याखालचं पाणी राखीव. नाहीतर भराव आणि रस्ता.

मागच्या खोलीत पडदे ओढून वहिनी सकाळपासून तुकडे जुळवत होती. कॅमेरा धाकट्या दिराचा, कात्री तिची, असा दोघांचा व्यवसाय. सगळ्यात देखणं दृश्य ड्रोनचं होतं. भर दुपारी शंभरेक बगळे एकदम उठतात आणि हिरव्यातून पांढरं उसळतं.

"वहिनी, यावर टाळ्या नाही पडल्या तर नाव बदलीन."

"आधी कप विसळ. नाव सावकाश बदल."

हसता हसता तिचा हात थांबला. फांदीवर बांधलेला छोटा कॅमेरा दर दहा मिनिटांनी घरट्यांचा फोटो काढायचा, आणि वेळ जुळवल्याशिवाय तुकडा जोडायचा नाही ही तिची खोड. ड्रोन उडाल्यानंतरच्या फोटोत चार निळसर अंडी उन्हात उघडी होती. त्यानंतरच्या फोटोतही. मग बगळी परतली होती, पंख फाकून अंड्यांवर सावली धरून उभी. पुढच्या फोटोत पुन्हा नाही.

"ही परत का उडाली रे?"

दीर कप घेऊन दारातच थबकला. "पहिल्या वेळी ढग आला होता ना. म्हणून दुसरा टेक घेतला."

पुढच्या फोटोत कावळा होता. त्यापुढे टरफलं. तिने त्यानंतरच्या आठवडाभराचे फोटो पालथे घातले. एकही आई परतली नव्हती.

तिने बगळेमावशीला बोलावून घेतलं. वीस वर्षं ती घरटी मोजणारी ही बाई खुर्ची न घेता, उभ्यानेच सगळं बघत राहिली.

"मला विचारायचं तरी, मेल्या," ती शेवटी म्हणाली. "मी पण त्याच दिवशी दात काढून घ्यायला गेले होते."

दीर पुढे झाला. "फोटो नकोच घालायला. ड्रोनचं तेवढं ठेवू. त्या दिवशी घरटी होतीच की! झाड तरी वाचेल."

"वाचेल," मावशी म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी हेच चित्र काढायला दहा जण ड्रोन घेऊन येतील."

वहिनीने दोघांकडे पाहिलं. मग बगळे उसळतात त्याला लागूनच तिने एकेक फोटो लावला, वेळेसकट.

समितीत बगळे उठले तेव्हा खरंच टाळ्या पडल्या. फोटो सुरू झाल्यावर त्या विरत गेल्या. दिवे लागले.

"म्हणजे सध्या तिथे घरटी नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, पुढच्या हंगामात येतील ती, त्रास नाही दिला तर..." मावशी घाईने उठली.

"सध्याचं विचारतोय, बाई."

दीर मान खाली घालून वायर गुंडाळत होता. ती सारखी निसटत होती.

"नाहीत," वहिनी म्हणाली.

अध्यक्षांनी मान हलवली आणि समोरच्या गठ्ठ्यातला पुढचा अर्ज ओढला.