फोटोपुरता टांगलेला फ्लेक्स

मी एक जुना, कडेला फाटलेला फ्लेक्स आहे मित्रांनो, आणि आज मी चांगलाच तापलोय.

माजलगावला छापला गेलो तेव्हा केवढा रुबाब होता माझा! अंगावर ठळक अक्षरं होती : 'डिस्लेक्सिया म्हणजे आळस नव्हे. हुशार मुलालाही वाचणे जड जाऊ शकते. सरकारने हे कायद्याने मान्य केले आहे. तपासणी करून घ्या. परीक्षेत जादा वेळ मिळतो.'

दिंद्रुडजवळच्या एका शाळेत मला टांगलं. पण कार्यक्रम ठेवला कधी, तर दिवाळीनंतर! अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. तालुक्याहून आलेले साहेब रिकाम्या खुर्च्यांपुढं बोलले, फोटो काढला, झाली जनजागृती! मग मला वर्गातल्या कपाटामागं कोंबलं.

त्या वर्गात दीपमाला होती. तोंडी गणितात सगळ्यांच्या पुढं, पण पुस्तक उघडलं की घामाघूम. हेडसर तिला 'ढ' म्हणायचे, तेही माझ्यादेखत! अंगाची नुसती आग व्हायची.

पुढच्या हंगामाला तिची आई जानकीबाई शाळेत आली. म्हणाली, "सर, हिच्या डोक्यात काईच शिरत न्हाई. ऊसतोडीला संगं नेते." सरांनी थांबवलं नाही. उलट मलाच पुढं केलं, "हा फ्लेक्स न्या, कोपीवर घालायला होईल."

उसाच्या फडाजवळच्या त्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, मी चढलो, अक्षरं आतल्या बाजूला. शेजारची वनमाला दहावी शिकलेली. मीठ मागायला आली, वर बघितलं आणि मला मोठ्यानं वाचत सुटली. जानकीबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"आन् मास्तरनं हे कावून सांगितलं न्हाई?"

तिनं मला खाली ओढलं. नवरा त्रिंबक ओरडला, "अगं, कोपीवर काय घालू?"

"उसाचं पाचट घाला! लेकरू वाया चाललंय माझं."

दुसऱ्या दिवशी दीपमालाचा हात धरून ती एसटीनं शाळेत आली आणि मला हेडसरांच्या टेबलावर पसरलं. "वाचा सर. मला वाचता येत न्हाई, तुमाला येतं की."

सरांनी खाली मान घालून वाचलं. नाव पुन्हा हजेरीत चढलं, तपासणीची चिठ्ठीही लिहिली.

मित्रांनो, मला भिंतीवर लावा नाहीतर लावू नका. पण वाचता येत असूनही ज्यांनी मला वर्षभर वाचलं नाही, त्यांना कुणी 'ढ' म्हटलं नाही. मग त्या पोरीलाच का म्हटलं?