मिंडावहिनीचं चौतिसावं मरण

"नटी अजून मरतेय," फोन कानाला लावून ओमकार म्हणाला, आणि मांडवातल्या आम्ही सगळ्यांनी घड्याळं बघितली.

दुपारचे अडीच वाजले होते. वाडीच्या पूजेचं नाटक चारला सुरू व्हायचं होतं. पूर्वी आमची नाटकं रात्री उभी राहत आणि सकाळी दूधवाला आला की संपत. आता दहानंतर भोंगा बंद, म्हणून दुपारीच सगळा खेळ. नटी सावर्ड्याची, दोन महिने आधी ठरवलेली. तिने लोभापायी त्याच दिवशी देवरूखच्या पलीकडच्या एका वाडीत सकाळचा प्रयोग घेतला. तिथे दुसऱ्या अंकात ती मेली आणि लोकांनी वन्समोअर दिला.

गाण्याला वन्समोअर सगळ्या जगात मिळतो. आमच्या बाजूला तो मरणालाही मिळतो. मेलेल्याने उठायचं, कपडे झटकायचे, चार दिशांना नमस्कार करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचं. नाही उठला तर माणसं रागावतात. आमचा हर्षद एका वर्षी रावण झाला होता, तो नऊ वेळा मेला. दहाव्या वेळी रामाच्या भात्यातले बाण संपले. रामाने हात जोडले आणि म्हणाला, "लंकेश, आता तुम्हीच काय ते आवरा."

"कितव्यांदा मरतेय?" मी विचारलं.

"चौथ्यांदा. आणि आबा, तिकडची माणसं अजून जेवायलासुद्धा उठलेली नाहीत."

तिथून इथे दीड तासाचा रस्ता. ओमकार मटकन खुर्चीत बसला. तो बँकेत नोकरीला, पण वर्षातून एकदा नाटक लिहितो, बसवतो आणि मग वर्षभर त्याबद्दल माफी मागत फिरतो. या नाटकात एक आई होती, तिला गावचा खोत विष घालतो. आईचं काम अठ्ठावीस वर्षांच्या नटीचं, आणि तिचा पंचवीस वर्षांचा मुलगा म्हणजे किराणा दुकानवाला हर्षद, जो येत्या मे महिन्यात त्रेपन्न पुरा करेल.

तेवढ्यात मिंडावहिनी नटीचा डबा घेऊन आली.

"कुठं हाय तुमची बाय? उसळ निवली की."

"ती मरतेय, वहिनी," मी म्हटलं.

"अजून?" वहिनीने डबा खाली ठेवला. "कच्ची हाय मग."

हे बोलायचा अधिकार त्या मांडवात फक्त तिला होता. मिंडावहिनी म्हणजे माझा दोस्त गंगाराम याची बायको. जन्म मनिलाचा, पाळण्यातलं नाव लुझविमिंडा. लग्नात ताटातल्या तांदळात दमयंती असं नाव लिहिलं गेलं, पण गंगारामने शेवटपर्यंत मिंडा म्हणूनच हाक मारली. तिकडे ती सिनेमात होती. आठ वर्षांत एकतीस सिनेमे केले आणि सगळ्यांत मेली. गोळी लागून, साप चावून, ज्वालामुखीच्या राखेत, रेड्याच्या गाडीखाली. एका सिनेमात तिने जुळ्या बहिणी केल्या होत्या, त्यात दोनदा. एकूण मरणं बत्तीस. हिरॉइनचं नाक तिच्याकडे नव्हतं, असं तिकडचे लोक म्हणत. ती म्हणे, "नाक घेऊन काय करायचंय? हिरॉइन मरायला लागली की लोक शेंगदाणे खात. मी मरताना कुणी पुडी सोडली नाय."

चौऱ्याऐंशी साली आमचं जहाज मनिलात दुरुस्तीला गोदीत चढलं तेव्हा मी आणि गंगाराम रोज संध्याकाळी सिनेमाला जायचो. भाषा कळत नव्हती, पण थिएटर थंड होतं. एका सिनेमात दरड कोसळून ही गेली. लोक इतके रडले की पुढच्या रांगेतल्यांना पाय वर घेऊन बसावं लागलं. गंगारामने तो सिनेमा सात वेळा पाहिला आणि सातही वेळा मला सदऱ्याची बाही उसनी द्यावी लागली. आठव्या दिवशी आम्ही बाजारात गेलो, तर ही समोर मासळीच्या पाटीपाशी माकुलाचा भाव करत उभी. गंगाराम भर बाजारात ओरडला, "अगो, जिवंत हायस तू!" आणि रडायला लागला. मराठीतून.

वहिनी मला पुढे सांगायची, "आबा, लाखभर माणसांनी मला मेलेली बघितली होती. मी जिवंत हाय म्हणून रडलेला हा एकच."

रत्नागिरीत आल्यावर सासूने, म्हणजे ठमाबाईने, देव्हाऱ्यात मेरीआईला कोपरा दिला, खाण्याबोलण्याचं सगळं चालवून घेतलं. एकच शब्द मागितला. जहाजावरच्या माणसाच्या घरात खोटं मरण नको. घो समुद्रावर असताना बायकोने नाटकातसुद्धा डोळे मिटायचे नाहीत. वहिनीने शब्द दिला आणि छत्तीस वर्षं पाळला. दरवर्षी भाड्याची नटी तिच्याच घरी उतरे. वहिनी तिला जेवू घाली, रंग लावी, केस बांधी आणि मग प्रेक्षकांत जाऊन बसे. नटी मरायला लागली की वहिनीचे हात मांडीवर हलत.

गंगाराम दोन वर्षांपूर्वी गेला.

ओमकारने वहिनीकडे पाहिलं. मी पाहिलं. हर्षदने दाढी करता करता पाहिलं.

वहिनीने विचारलं, "कशानं मरायचंय?"

"विषानं," ओमकार म्हणाला.

"चटकन की हळू?"

"म्हणजे... एक पानभर आहे."

"दे इकडं पान."

"आय!" मागून हितेश ओरडला. हा तिचा मुलगा. तोही जहाजावर, सुटीवर आलेला, गुरुवारी परत निघणारा. दरवर्षी सुटी जमली की पडदा ओढायचं काम त्याचं. "तू नाय काम करायचं. आज्जीला काय शब्द दिला होतास?"

"तुझे बाबा जहाजावर असंपर्यंतचा दिला होता. आता ते कुठल्या जहाजावर हायत, सांग."

"मी हाय ना जहाजावर."

"आज तू मांडवात हायस. पडद्याच्या दोरीपाशी हायस. गुरुवारच्या आत मला मरून घेऊ दे, मग नाय विचारणार."

हितेश मान फिरवून दोरीला तेल लावायला लागला. त्या पोराचं एक होतं. बाप गेला तेव्हा तो ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर होता. बातमी दुसऱ्या दिवशी पोचली, तो पोचला तेराव्याला. आल्यापासून त्याने एकदाही विचारलं नाही, बाबा कसे गेले. आईने तोंड उघडलं की हा उठून मासळी बघायला बंदरावर जायचा. वहिनी मला म्हणाली होती, "आबा, माझ्याजवळ त्याची एक वस्तू हाय. तो घेतच नाय. अशीच घेऊन जाईन बहुतेक मी."

मला वाटलं होतं, घड्याळबिड्याळ असेल.

चारचं नाटक पावणेपाचला उभं राहिलं. मी प्रॉम्प्टर. एका बाजूच्या विंगेत मी वही घेऊन, समोरच्या विंगेत दोरी धरून हितेश. वहिनीला पहिल्या अंकात चार वेळा वाक्य पुरवलं, नंतर तिनेच मला दोनदा पुरवलं.

दुसऱ्या अंकात खोताने दुधाचा पेला दिला. वहिनी प्यायली. आणि मग सहासष्ट वर्षांची ती बाई जी मेली, ती मी काय सांगू! आधी पेला हातातून सुटला, मग ती हसली, मग तिला कळलं, मग तिने अख्ख्या स्टेजला एक प्रदक्षिणा घातली. खोताची भूमिका करणारा आमचा सुजय घाबरून खरोखर माफी मागायला लागला. बाजेवर पडताना तिने एक हात असा वर नेला की मांडवातली माणसं वर बघायला लागली. समोरच्या माडावर बसलेला कावळासुद्धा उडाला नाही, उतरून खालच्या झापावर येऊन बसला.

"वन्समोअर!" मांडव फुटला.

वहिनी उठेना.

"वन्समोअर! दमयंतीवयनी, वन्समोअर!"

वहिनी गार. पुढच्या रांगेतली जनी म्हातारी किंचाळली, "अगो बाय, ही खरीच गेली!"

"वहिनी, उठा," मी विंगेतून म्हटलं. पापणी हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या धंद्यात मेलेलं माणूस आपल्या मनाने उठत नाही.

"ओमकार, कट म्हण! मोठ्यानं!"

"कट!" ओमकार ओरडला. वहिनी उठून बसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "बरा झाला का शॉट?"

हसून हसून माणसं खुर्च्यांवरून घसरली. जनी डोळे पुसत म्हणाली, "मेले, आता परत कर! सगला परत कर!"

वहिनीने चार दिशांना नमस्कार केला. चौथा नमस्कार हितेशच्या विंगेकडे होता, तो जरा जास्त वेळ चालला. मग ती बाजेवर जाऊन आडवी झाली. सुजय पेला घेऊन पुढे आला, तर तिने हातानेच त्याला बाजूला केलं.

"पंखा जरा बारीक करा गो," ती म्हणाली.

माझ्या वहीत असलं वाक्य नव्हतं. हर्षदने वर पाहिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या झोपडीत पंखा कुठला? दोघंतिघं हसली. मी नाही हसलो. गंगाराम गेला तेव्हा इस्पितळातल्या त्या खोलीत मी होतो.

वहिनीने पदराचं टोक हातात घेतलं आणि बोटं चालवायला लागली. एक वेढा, खालून वर, मागून फिरवून. जहाजावर पहिल्या दिवशी शिकवतात ती गाठ. आमच्या वाडीत निम्मे पुरुष समुद्रावर गेलेले. त्यांनी ती बोटं ओळखली. हसू थांबलं.

"हितेशला कळवू नका इतक्यात," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बोलणं गंगारामचं, मध्येमध्ये थांबणारं. "वॉचच्या पाळीवर असंल तो. वॉच सुटू दे. जेवू दे त्याला. मग सांगा."

बोटं अजून चालत होती. शेवटचं टोक आत घालायचं राहिलं होतं. ते तसंच राहिलं. मान किंचित कलली, झोप लागल्यावर कलते तेवढीच. प्रदक्षिणा नाही, हात वर नाही.

जनीने नातवाच्या तोंडावर हात ठेवला होता. मागच्या रांगेत एकजण उभा राहिला, मग त्याच्या बाजूचा. मी वहीचं पान उगाच उलटलं.

पडदा पडायला हवा होता. मी समोरच्या विंगेत पाहिलं. दोरी एकटीच लोंबत होती. हितेश चालत स्टेजवर आला, एवढ्या माणसांसमोर, हाफ पँटीत. बाजेपाशी खाली बसला. आईच्या बोटांतून त्याने पदराचं टोक हलकेच सोडवून घेतलं, राहिलेलं टोक आत घातलं आणि गाठ ओढून पुरी केली.