शहाण्णव नंबरचा गोळा

संग्रहालयाच्या तळघरातलं दगडांचं भांडार अकरा वर्षं एकाच बाईंच्या ताब्यात होतं. किल्ली त्यांच्याकडे, नोंदवही त्यांच्याकडे आणि काही कमीजास्त झालं तर मानही त्यांचीच.

त्या दुपारी निवृत्त मोजणीदार आले. जमिनी मोजत फिरताना त्यांनी ज्वालामुखीच्या खडकातले गोळे गोळा केले होते. बाहेरून मातकट, बटाट्यासारखे. कापले की आत अकीकाचे रंगीत पट्टे. असे दोनशे चौदा नग. बायको गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी सगळे संग्रहालयाला देऊन टाकले, कारण सून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही खुशाल या, पण दगडधोंडे नकोत."

अधूनमधून ते 'चिठ्ठ्या तपासायला' येत. बाईंनाही तेवढीच सोबत. त्या दिवशी बाईंनी दार ओढलं आणि कुलूप आतल्या आत मोडलं. मूठ नुसतीच गरगर फिरायला लागली. बाईंनी दार बडवलं तेव्हा पहारेकरी बाहेरून ओरडला, "कुलूपवाल्याला बोलावतो. तासभर लागेल!"

खिडकी नव्हतीच. पंखाही कुरकुरत फिरत होता. जिवाची घालमेल नको म्हणून बाई एकेक खण उघडून नग मोजू लागल्या. सातव्या खणात एक खाच रिकामी होती.

"काका, शहाण्णव नंबर कुठाय?"

मोजणीदारांच्या कोटाचा डावा खिसा खाली लोंबत होता.

"तो तिला सापडलेला," ते शेवटी म्हणाले. "बाकीचे माझे, हा एकटाच तिचा. चाळीस वर्षं कापू दिला नाही. म्हणायची, आत काही नाही, उगाच कशाला फोडता? मी म्हणायचो, आहे. रोजचं भांडण."

"दानपत्रावर सही तुमची आहे, काका."

"तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं का? तीन अर्ज केले. उत्तर एकच, तरतूद नाही. आता माझ्याच वस्तूची मला चोरी करावी लागतेय!"

"तुमचं सगळं खरं. पण नोकरी माझी जाईल. ठेवा परत."

ते उठले. गोळा दोन्ही हातांत धरून खाचेपर्यंत नेला, पण बोटं सुटेनात. तेवढ्यात बाहेर ड्रिल घरघरलं. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या बोटांकडे. मग खण ढकलून बंद केला.

"खिशात घाला," त्या पुटपुटल्या. "लवकर!"

महिन्याभराने बाईंना बढती आली. वरचा मजला, स्वतंत्र खोली, मोठी खिडकी. फक्त भांडाराचा ताबा दुसऱ्याला द्यायचा होता, एकेक नग मोजून. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळीच त्या मोजणीदारांच्या मुलाचं घर शोधत गेल्या.

"काका, तो गोळा परत हवाय. दुसरा इलाजच नाही."

मोजणीदारांनी उशीखालून रुमाल काढून सोडला. आत दोन फोडी होत्या. पट्टे नाहीत, रंग नाही, नुसता करडा, मुका दगड.

"परवाच कापून आणला," ते म्हणाले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीच खरी ठरली हो! चाळीस वर्षं मी उगाच भांडलो."

नोंदवहीत बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं : नग शहाण्णव, न कापलेला. काकांना बोल लावावा तर किती दिवसांनी ते असे हसत होते. बाईंनी रुमालाची गाठ बांधून दिली आणि चहा न घेताच निघाल्या.

दुपारी त्यांनी बढती नाकारली. संचालक भारावून गेले.

"अशी निष्ठा हल्ली कुठे राहिलीय!" असं म्हणत त्यांनी शेजारच्या शंखशिंपल्यांच्या भांडाराची किल्लीही बाईंच्याच हवाली केली.

घरी नवऱ्याने विचारलं, "अगं, खिडकी मिळत होती ना?"

"उजेडाने डोकं दुखतं माझं," बाई म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या.